मुठीत तापलेला कॅमेरा

आज सकाळी आमसुलांसाठी रातांब्याची सालं चटईवर पसरली. दुपारी ती परतायला बाहेर आले, कडेला ठेवलेला डबा उचलला, आणि तळहात पोळला. वैशाखात आमच्या अंगणात पोळत नाही असं काही नसतंच. कळशी पोळते, विहिरीचा कठडा पोळतो, दारातल्या वाळूवर पाय ठेववत नाही. पण हा चटका अंगठ्याच्या मुळाशी, हाताच्या नेमक्या त्या जागी बसला. तिथेच तो कॅमेरा तापायचा.

तीन-चार वर्षं होऊन गेली. तरी हा महिना आला की काजूच्या बोंडांचा आंबूस वास येतो, सुक्या बांगड्यांवर माश्या घोंगावतात, आणि माझा उजवा हात आपोआप मुठीसारखा वळतो. जणू आत काहीतरी धरलं आहे, लहानसं, काळं आणि ऊन ऊन.

आमच्याकडे या दिवसांत सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलय वाहतो. दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा येतो. या दोघांच्या मधे एक वेळ अशी असते की एक वारा गेलेला असतो आणि दुसरा आलेला नसतो. झावळं हलत नाहीत. कावळा चोच उघडी ठेवून बसतो. पाणी तेल ओतल्यासारखं सपाट होतं. आमच्या रापणीचं जाळं त्या वेळी बहुतेकदा पाण्यात असतं. होडीने लांब अर्धगोल मारून जाळं टाकायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि सगळ्यांनी मिळून ओढायचं. बाया, पुरुष, म्हातारे, ज्याचा हात दोराला लागला त्याला मासळीचा वाटा. तारकर्लीच्या या वाळूत लग्न होऊन आले तेव्हापासून मी तो दोर ओढते आहे. माहेरी मिठबावलाही हेच करत होते.

त्या हंगामात ट्रॉलर आत यायला लागले. ते खोल पाण्याचे धनी. किनाऱ्याजवळ त्यांनी यायचं नाही असा कायदा आहे, हे आम्हांलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही. तरी ते यायचे, आणि त्या बिनवाऱ्याच्या वेळेला यायचे, कारण तेव्हा आमची माणसं दोराला बांधलेली असतात. एकदा तर एक निळ्या काठाचा ट्रॉलर आमच्या जाळ्याच्या पोटातून सरळ गेला. हातातला दोर एकदम सैल झाला. आम्ही सगळे ओढता ओढता मागे वाळूत पडलो. फाटलेलं जाळं ओढून आणलं तेव्हा त्यात गवत होतं. जाळं पुन्हा विणायचं म्हणजे मच्छीमारांच्या सगळ्या वाड्याचा हंगाम गेला. असं आणखी एकदा झालं असतं तर रापणच मोडली असती, आणि माणसं एकेक करून त्याच ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेली असती. आमच्या घरातही तसं बोलणं सुरू झालं होतं. रात्री ह्यांनी भात कालवता कालवता म्हटलं, "मी गेलंय तर काय झाला? पोटाक लागता." मी आमटी वाढली. पण ह्यांनी त्या ट्रॉलरवर चढायचं, हे मला सोसणार नव्हतं.

रापणीचे प्रमुख दाजी चार माणसं घेऊन मत्स्यखात्याच्या कचेरीत गेले. तिथले साहेब वाईट नव्हते. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं म्हणणं मला पटतंय. पण ते म्हणतात आम्ही आत गेलोच नाही. पुरावा आणा."

पुरावा म्हणून दाजींनी कसालच्या बाजारातून लग्नाच्या कॅसेटी करणारा एक व्हिडिओवाला आणला. त्याचा कॅमेरा मुसळाएवढा. तो खांद्यावर बसायचा आणि माणूस चालला तरी हलायचा नाही. बाजूला हवा जायला फटी होत्या, आत ऐसपैस जागा होती. दिवसभर उन्हात चालला तरी त्याला काही होत नव्हतं. पण तसलं धूड वाळूवर उभं राहिलं की ते लांबून दिसणारच. निळ्या काठाचा ट्रॉलर आला, लांबूनच वळला आणि खोल पाण्यात निघून गेला. व्हिडिओवाल्याने पुढे दिवसभर काढलं. संध्याकाळी सगळा वाडा दाजींच्या टीव्हीसमोर बसला. टीव्हीवर समुद्र होता, आणि मधून मधून एक कुत्रा इकडून तिकडे जात होता.

आमच्या शेजारची तारामावशी म्हणाली, "दाजी, ह्या कुत्र्याकच नोटीस पाठवा."

तेवढ्यात मे महिन्याच्या सुट्टीला माझी नणंद शालन मुंबईहून आली. तिच्या पिशवीत एक डिजिटल कॅमेरा होता, मुलीच्या शाळेतले नाच काढायला घेतलेला. लहान कॅसेटचा, काळा, आणि एवढासा की माझ्या मुठीत मावला. दाजींच्या पडवीत तो हातोहात फिरला. प्रत्येकाने उलटासुलटा करून पाहिला.

शालन म्हणाली, "वयनीक देवा. तिच्या मुठीत तो दिसणा नाय."

मी म्हटलं, "माका नको गो. माका खंय येता?"

दाजी हसत म्हणाले, "तिकाच द्या. वयनीक कोण बघता? ती आसा की नाय ताच कोणाक कळणा नाय."

सगळे हसले. मीही हसले, कारण सगळे हसत असताना न हसणारा माणूस लगेच दिसतो, आणि मला दिसायचं नसतं. लहानपणापासून तसंच आहे. शाळेत चौथीपर्यंत होते, तेवढ्यात एकदाही उभी राहून उत्तर दिलं नाही. येत असूनही दिलं नाही. मासळीच्या लिलावात बाकीच्या बाया गळा काढून बोली लावतात, मी बोटाने खूण करते. लोकांना वाटतं लाजणारा माणूस भित्रा असतो. मला आजवर एकाही लाटेची भीती वाटली नाही. मला भीती वाटते ती माणसांच्या डोळ्यांची. ती वेगळी गोष्ट आहे, आणि तिचा मी कुणाला जाब देणार नाही.

दाजींचं बोलणं मला लागलं. मी हात पुढे केला आणि कॅमेरा घेतला.

शालनने शिकवलं. लाल बटण दाबलं की चालू. हे सरकवलं की लांबचं जवळ. बाजूची काचेची पाटी उघडली की तिच्यावर चित्र दिसतं. मी माशांच्या टोपलीत कॅमेरा ठेवला, वर ओलं फडकं टाकलं आणि दोराच्या टोकाला जाऊन बसले. ट्रॉलर कधी येईल सांगता येत नाही म्हणून कॅमेरा आधीच चालू केला. चालू राहिला तर राहूदे, चुकायला नको. काचेची पाटी उघडीच, कारण सारखं बघायचं होतं. ऊन डोक्यावर. वारा नाही. हळूहळू त्याचं अंग कोमट झालं, मग ऊन, मग चुलीवरून उतरवलेल्या वाटीसारखं. मी पदराने धरला. ट्रॉलर दिसला. त्याची निळी कड दिसली, आणि तेवढ्यात पाटीवर एक खूण लुकलुकली आणि चित्र गेलं.

"काय झाला?" दोर सोडून हे धावत आले.

"बंद पडलो."

"आताच?"

आताच. ट्रॉलर समोरून गेला. सुदैवाने त्या दिवशी जाळं वाचलं. पण वाडाभर झालं की वयनीच्या हातात गेलेली वस्तू बिघडली.

ती बिघडली नव्हती. शालनने संध्याकाळी मागीलदारी बसून मला सांगितलं. तिच्या नवऱ्याला हे सगळं दुकानातल्या माणसाने सांगितलं होतं. एवढ्याशा डबीत मोठ्या कॅमेऱ्याचंच सगळं काम कोंबलेलं. चित्र घेणं, साठवणं, कॅसेट फिरवणं, पाटीवर दाखवणं, आणि प्रत्येक कामाची थोडी थोडी उष्णता. फटी ठेवल्या तर वाळू आणि पाणी आत जाणार. पंखा बसवला तर त्याची घरघर चित्रातल्या आवाजात येणार आणि बॅटरी लवकर संपणार. बॅटरी मोठी केली तर वजन वाढणार, आणि मग तो मुठीत कसा मावणार? म्हणून बनवणाऱ्यांनी ठरवलं की आतली उष्णता बाहेरच्या कवचातून जाऊदे. वर तो काळा, म्हणजे ऊनही पिणारा. आतून आणि बाहेरून तापला की जळून जाण्याआधी तो आपला आपण थांबतो.

"म्हणजे माझ्या हातातून तेची गरमी जाता?" मी विचारलं.

"तुझ्याच हातातून," शालन म्हणाली.

ते ऐकून मी वर पाहिलं. समोर आमच्या घराचं छप्पर होतं. पावसाचा मारा भिंतीला लागू नये म्हणून त्याची उतरती पडाळ इतकी खाली आणली आहे की दारात वाकावं लागतं. पाऊस आत येत नाही, तसा धूरही बाहेर जात नाही. पडाळ उचलली असती तर डोळे चुरचुरले नसते, पण भिंत गेली असती. सासऱ्यांनी भिंत राखली. वर्षानुवर्षं तो धूर माझ्या डोळ्यांतून गेला आहे. कुणीतरी लहान, बंद, नीटस वस्तू बनवतो, आणि तिची ऊब जिच्या हातात ती असते तिला सोसावी लागते. यात कॅमेऱ्याचा दोष नाही. माझाही नाही. हे त्या संध्याकाळी पक्कं ठरवलं, आणि त्यानंतर कुणी काही म्हटलं तरी मान खाली घातली नाही.

पण त्याला थंड तर ठेवायला हवं होतं. आता आमच्या घरात काहीही गरम होऊ नये असं वाटलं की आम्हांला एकच गोष्ट सुचते. हे म्हणाले, "बर्फात ठेवूया." मला पटलं. दाजींना पटलं. सगळ्या वाड्याला पटलं. जन्मभर आम्ही हेच तर करत आलो आहोत. थर्माकोलच्या पेटीत तळाला बर्फ घातला, त्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत कॅमेरा, वर पुन्हा बर्फ. बांगडा ठेवतात तसा. शालन त्या दिवशी कुडाळला मावशीकडे गेली होती, नाहीतर तिथेच थांबवलं असतं.

ट्रॉलर आला तसं ह्यांनी झाकण उघडलं, मी पिशवी फाडली. कॅमेरा इतका गार की दातांत कळ गेली. मी मनात म्हटलं, आता तापून दाखव. पण पिशवीतून निघाल्या निघाल्या त्याला घाम फुटला. काच पांढरी झाली, पदराने पुसली तरी पुन्हा पांढरी. पाटीवर आज वेगळी खूण होती, पाण्याच्या थेंबाची. बटण कितीही दाबलं तरी तो चालू होईना. आत पाणी धरलं होतं आणि ते सुकेपर्यंत तो कॅसेट फिरवायलाच तयार नव्हता.

तारामावशी वाकून बघत म्हणाली, "गो बाय, वायच मीठ लायला असतास तर खारो झालो असतो. पावसाळ्याक उपयोगी पडलो असतो."

त्या वेळी रडू आलं. आता हसू येतं. संध्याकाळी शालन आली आणि डोक्याला हात लावून बसली. "तो काय पापलेट आसा? गार वस्तू दमट हवेत काढलीस की पाणी धरताच. तांब्याक बाहेरून पाणी सुटता ता तुमका म्हायत नाय?"

"म्हायत आसा," हे म्हणाले, "पण तांब्याक बंद पडताना कोणी बघूक नाय."

मालवणच्या बाजारात ही गोष्ट आमच्या आधी पोचली. मी टोपली घेऊन बसले होते. निळ्या काठाच्या ट्रॉलरवरचा एक खलाशी मुद्दाम समोर येऊन उभा राहिला. "काय गो बाय, पिक्चर काढतंस काय? आमचो हिरो कसो दिसलो?" बरोबरचे दोघे खिदळले. मी सुरमईचे तुकडे करत राहिले. पण त्याने एक मोलाची गोष्ट सांगून टाकली होती. त्यांना आता ठाऊक होतं की कॅमेरा माझ्याकडे आहे. मूठ झाकून ठेवण्यात आता अर्थ उरला नव्हता.

त्या रात्री मी कॅमेरा जवळ घेऊन बसले. त्याच्यावर राग नव्हता. मोठा कॅमेरा तापत नाही, पण त्याला बघून चोर पळतो. लहान कॅमेरा चोराला दिसत नाही, पण तो थोडाच वेळ काम करतो. दोन्ही गुण एकाच वस्तूत कुणी घालू शकलेलं नाही, मुंबईतल्या दुकानातही नाही. मग मी त्याच्याकडून मोठ्या कॅमेऱ्याचं काम का मागत होते? उन्हात तासन्तास चालू ठेवून वाट बघायची, ती वाट बघणं माझं काम होतं. वाट मी बघू शकते. मला त्यासाठी बॅटरी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा बंद करून झावळांच्या सावलीत ठेवला. बर्फ नाही, ओलं फडकं नाही, नुसती सावली. पाटी उघडायची नाही, तिच्यानेही तो तापतो. कॅमेऱ्याच्या मागच्या लहान भोकाला डोळा लावून बघायचं. मी दोर ओढत राहिले आणि समुद्राकडे बघत राहिले. मतलय पडला. झावळं थांबली. पाणी सपाट झालं. आणि निळी कड दिसली.

जाळ्याच्या कडेला बांधलेली बोयरी पाण्यावर माळेसारखी तरंगत होती. ट्रॉलर त्या माळेकडे सरळ येत होता. मी कॅमेरा घेतला आणि पाण्यात शिरले. वाळूवरून काढलं असतं तर नुसता ट्रॉलर आणि नुसता समुद्र दिसला असता. तो खोल पाण्यात होता की आमच्या दारात, कसं कळणार? थोडं आत, थोडं बाजूला गेलं की टेकाडावरचं देवळाचं निशाण, आमची बोयरी आणि ट्रॉलर, तिन्ही एका चित्रात येत होती. पाणी गुडघ्याला लागलं, मग कमरेला. साडी फुगून वर आली. मी बटण दाबलं.

हलका कॅमेरा हात हलला की हलतो. लांबचं जवळ आणलं की जास्तच हलतो. कोपर बरगडीला दाबून धरलं, श्वास रोखला. निशाण, बोयरी, ट्रॉलर. मग त्याच्या नाकावरचा नोंदणीचा आकडा. पुन्हा निशाण. कॅमेरा कोमट झाला, ऊन झाला, पोळायला लागला. मी पदर गुंडाळला नाही. माझ्या हातातून त्याची गरमी जाते, तर जाऊदे. जेवढी हातातून जाईल तेवढा तो जास्त चालेल. ट्रॉलरचा भोंगा वाजला. त्यांनी मला पाहिलं होतं. माणसं एका बाजूला गोळा झाली, हातवारे करत होती, कुणीतरी शीळ घातली. एवढी सगळी माणसं एकदम माझ्याकडे बघत आहेत असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. लग्नातही मी मान वर केली नव्हती.

आणि खूण लुकलुकली. भोकातलं चित्र गेलं. नुसता अंधार.

मला वाटलं, आता हात खाली घ्यावा. मागून दाजी ओरडत होते, "वयनी, मागे ये! अंगावर इलो तर?" मी हात खाली घेतला नाही. बंद कॅमेरा डोळ्याला लावून तशीच उभी राहिले. एक डोळा अंधारात, दुसरा उघडा. उघड्या डोळ्याला ट्रॉलर दिसत होता. तो येतच होता. मग त्याचं नाक हळूच, कुणीतरी कानाला धरून फिरवावं तसं, डावीकडे वळलं. आमच्या बोयरीला न शिवता, लाटांचा एक मोठा पट्टा मागे टाकून तो खोल पाण्याकडे निघून गेला. त्या लाटांनी मी पडले. पडताना हात तेवढा वर ठेवला.

त्या दिवशी जाळं शाबूत आलं. बांगडे फार नव्हते. तारामावशीने माझ्या टोपलीत आपल्या वाट्यातले दोन टाकले.

कचेरीत मलाही नेलं, कारण काढणारी मी. शालनने कॅमेरा तिथल्या टीव्हीला जोडला. ट्रॉलरमालकाचा माणूस खुर्चीत पाय हलवत बसला होता. निशाण दिसलं, बोयरी दिसली, ट्रॉलर दिसला, आकडा दिसला. मग काळं.

तो माणूस लगेच म्हणाला, "बघा साहेब, अर्धवट आहे. नेमकं पुढचं नाही. आमची बोट तिथून लगेच बाहेर गेली असेल."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, हे इथे बंद पडलंय. पुढे काय झालं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. दाजी माझ्या वतीने बोलायला तोंड उघडत होते. मी त्यांच्या आधी बोलले. आवाज कसा निघाला ठाऊक नाही, पण निघाला.

"पुढे कॅमेरा बंद होता, साहेब. पुढे मी उभी होते."

साहेबांनी टीव्हीवरचं पुन्हा एकदा लावायला सांगितलं. पाय हलवणाऱ्या माणसाचे पाय थांबले. "आत होता हे तर दिसतंय," साहेब म्हणाले आणि लिहायला लागले.

नोटीस गेली. दंड झाला की नाही ते आम्हांला कधी नीट कळलं नाही. निळी कड त्या हंगामात परत दिसली नाही आणि ह्यांनी ट्रॉलरचं नाव काढलं नाही. पुढच्या वर्षी हिरव्या काठाचा एक आला. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी कुणी. येत राहतील. कायदा कागदावर आहे आणि समुद्राला कुंपण नाही, हे मला कळतं. पण रापण अजून चालू आहे, हेही खरं आहे.

शालनने जाताना कॅमेरा माझ्याकडेच ठेवला. तिला आता नवीन मिळाला आहे, त्यात कॅसेटच नाही. तो याच्याहून लहान आहे आणि म्हणे याच्याहूनही जास्त तापतो. मला ऐकून नवल वाटलं नाही. लहान होत जायचं आणि काम वाढत जायचं, मग दुसरं काय होणार? तापणं हा काही गुन्हा नाही. बायकांना तापट म्हणणाऱ्यांनी कधीतरी तळहातावर घेऊन पाहावं.

हे लिहिता लिहिता बाहेरची झावळं थांबली आहेत. सालं परतायची अर्धी राहिली. समुद्राच्या बाजूने इंजिनाचा आवाज येतो आहे, आणि तो आपल्या होडीचा नाही हे मला इथे बसून कळतं. फडताळातून कॅमेरा काढला. त्याची बॅटरी गेल्या वर्षापासून धरत नाही, लाल बटण दाबलं तरी आत काही होत नाही. आता तो तापतही नाही.

तरी मी त्याला घेऊन निघाले आहे. टोपलीत घालणार नाही आणि पदराखालीही धरणार नाही. कमरेएवढ्या पाण्यात जाऊन डोळ्याला लावून उभी राहणार आहे. तो चालू आहे की बंद, ते त्यांना तिकडून दिसत नाही. मी दिसते.